ज्ञानदानाची वसतिस्थाने : जैन बोर्डिंग, गुरुकुल आणि मराठवाडा

आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. मंदिरांचे जीर्णोद्धार, पंचकल्याणक प्रतिष्ठा, यात्रासंघ यांवर समाजाने शतकानुशतके मुक्तहस्ताने खर्च केला आणि त्याच्या नोंदी शिलालेखांतून व मूर्तींच्या पादपीठांवरून आजही वाचावयास मिळतात. वेरूळच्या चरणाद्री डोंगरावरील भगवान पार्श्वनाथांच्या भव्य मूर्तीपाशी शके ११५६ चा लेख आहे. सुमारे आठशे वर्षे लोटली तरी मूर्ती घडविणाऱ्या श्रावकाचे नाव त्यावरून कळते. ज्ञानदानाच्या वाट्याला असा दगड सहसा येत नाही. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांना आपल्या छपराखाली ठेवून, दोन वेळचे जेवण देऊन ज्यांनी शिकविले, त्यांची नावे बहुधा जुन्या छापील अहवालांत आणि शिकून गेलेल्यांच्या स्मरणातच राहिली आहेत.

याच वयाच्या मुलांचा विचार समाजाला प्रथम का करावा लागला, हे समजून घेतल्याखेरीज वसतिगृहांचा इतिहास समजणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यातील शाळा चार इयत्तांवर संपत असे. पुढचे शिक्षण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. जैन कुटुंबे खेडोपाडी विखुरलेली. एखाद्या गावात दोन घरे, एखाद्या गावात एकच. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला दुकानाच्या गल्ल्यावर बसवावयाचे की शहरात पाठवावयाचे, हा प्रश्न पुढे येई. शहरात पाठवावयाचे तर तो राहणार कोठे आणि जेवणार कोठे? सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग हे नियम पाळणाऱ्या मुलाला खानावळ चालत नसे आणि इतरांच्या वसतिगृहात त्याची आबाळ होई. आईवडील विशेषतः या भीतीने मुलाला घरीच ठेवीत. म्हणजे अडचण केवळ पैशाची नव्हती, स्वयंपाकघराचीही होती. जैन बोर्डिंगची कल्पना या दोन्ही अडचणींतून जन्मास आली.

ही गोष्ट ज्यांनी सर्वांत आधी व सर्वांत स्पष्टपणे ओळखली, त्यांत मुंबईचे मोत्यांचे व्यापारी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मंदिर बांधणाऱ्या श्रीमंतांची समाजात उणीव नव्हती. विद्यार्थ्यांसाठी इमारत बांधणे हे मात्र त्या काळी नवे होते. आपल्या पित्याच्या नावाने त्यांनी १९०० साली मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले आणि पुढे मुंबईबाहेरच्या वसतिगृहांनाही उदार साहाय्य दिले. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, आणि तिच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रश्न आरंभापासूनच होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जे प्रोत्साहन दिले, त्या मालिकेत दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ सालचे, म्हणजे अगदी प्रारंभीच्या वसतिगृहांपैकी एक होय. कोल्हापूरच्या दसरा चौकात ते आजही परिचित आहे.

याच बोर्डिंगमध्ये एक प्रसंग घडला, जो समाजाच्या इतिहासलेखनात पुष्कळदा ओझरता उल्लेखिला जातो. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा जैन विद्यार्थी तेथे राहत होता. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वसतिगृहाची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. हेच लठ्ठे सत्यशोधक विचारांचे पुरस्कर्ते आणि पुढे शाहू महाराजांचे चरित्रकार झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाचा निकाल एका व्यक्तीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. ज्या स्वयंपाकघराच्या नियमांमुळे जैन मुलगा शिकू शकला, त्याच नियमांनी दुसऱ्यासाठी दार अरुंद केले. कोणतीही जातवार संस्था या पेचातून सहजासहजी सुटत नाही.

भाऊरावांनी त्याचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने दिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटापाण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेमुळे गरीब मुलगा उपकृत न होता शिकू लागला. हे कार्य जैन संस्थांच्या इतिहासात धरावयाचे की नाही, यावर मतभेद संभवतो. परंतु जैन बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील बहुजनांच्या शिक्षणाचा पाया घातला, ही वस्तुस्थिती कोणासही नाकारता येणार नाही.

दुसरा मार्ग गुरुकुलाचा. करमाळ्याचे देवचंद शहा, म्हणजेच पुढे प. पू. समंतभद्र महाराज या नावाने वंदनीय झालेले मुनिवर्य, हे भाऊरावांहून चार वर्षांनी लहान. विद्यापीठाची पदवी मिळविलेल्या या तरुणाने संसार व अर्थार्जन दोन्ही बाजूस सारून १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. १९३४ मध्ये बाहुबली येथे दुसरे गुरुकुल उभे राहिले; ते भाऊरावांच्या जन्मगावापासून, कुंभोजपासून, हाकेच्या अंतरावर. बोर्डिंगमध्ये मुलगा राहतो आणि शिकावयास बाहेर जातो. गुरुकुलात निवास, लौकिक शिक्षण, धर्मशिक्षण, व्यायाम व स्वावलंबन एकाच आवारात. पहाटे उठणे, जिनदर्शन, पूजा, शाळा, सायंकाळी सूर्यास्तापूर्वी भोजन, नंतर स्वाध्याय असा दिनक्रम. १९५२ मध्ये मुनिदीक्षा घेतल्यानंतरही महाराजांचे लक्ष विद्यार्थ्यांवरून हटले नाही. दीक्षा घेतलेल्या साधूने शाळांची चिंता का वाहावी, असा प्रश्न तेव्हा काहींच्या मनात आला असल्यास नवल नाही. आज मात्र तो प्रश्न कोणी विचारणार नाही.

मराठवाड्याची स्थिती याहून वेगळी व बिकट होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, शाळांची संख्या तोकडी, आणि मराठीतून शिकू पाहणाऱ्या मुलाला औरंगाबादच्या सरस्वती भुवनसारखे थोडेच आधार. पुणे–मुंबईची बोर्डिंगे संस्थानच्या सीमेपलीकडे. मराठवाड्यातील सैतवाल, खंडेलवाल, ओसवाल आदी कुटुंबांपैकी ज्यांना परवडले त्यांनी मुले बाहेर पाठविली. बाकीच्यांची मुले वहीखाते शिकून पेढीवर बसली. या कालखंडात किती बुद्धिमान मुले मागे राहिली, याची गणती कोणत्याच अहवालात नाही.

मुक्तीनंतर चित्र पालटू लागले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. शहरात शिक्षण आले, तसा निवासाचा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. या पार्श्वभूमीवर १९६२ साली वेरूळ येथे श्री पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल सुरू झाले. त्यामागे प. पू. समंतभद्र महाराजांची व प. पू. आर्यनंदी महाराजांची प्रेरणा होती. स्थळाची निवडही अर्थपूर्ण म्हणावी लागेल. इंद्रसभा व जगन्नाथसभा ही लेणी ज्या परिसरात, पार्श्वनाथांची मूर्ती ज्या डोंगरावर, त्याच्याच सान्निध्यात मराठवाड्यातील मुले गणित, विज्ञान आणि ‘छहढाला’ एकाच दिवशी शिकू लागली. परदेशी पाहुणे जी लेणी पाहावयास हजारो मैलांवरून येतात, ती या मुलांच्या शाळेच्या वाटेवरची. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी वेरूळच्या गुरुकुलात वाढलेला काका, मामा किंवा थोरला भाऊ असेल.

श्वेतांबर व स्थानकवासी समाजाचे कार्यही याच तोलाचे आहे. आचार्य श्रीमद् विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईत उभ्या राहिलेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने १९१५ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सोय केली. चांदवड येथे १९२८ मध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम निघाला. कर्मवीर केशवलालजी हरकचंदजी आबड यांचे नाव त्या संस्थेशी कायमचे जोडले गेले आहे. पाथर्डी येथे आचार्य आनंदऋषिजींच्या प्रेरणेने पाठशाळा व धार्मिक परीक्षा बोर्ड यांची परंपरा निर्माण झाली. मराठवाड्याच्या सीमेवर, बीड जिल्ह्यातील कडा येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाने ग्रामीण मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली.

मुलींची सोय मात्र फार उशिरा झाली, हे स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी ऐन तारुण्यात आलेले वैधव्य बाजूस ठेवून मुंबईत श्राविकाश्रमाचे कार्य उभे केले, आणि सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी तेथील श्राविकाश्रमाला आपले आयुष्य वाहिले. या संस्थांचा आरंभ विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या आधारासाठी झाला; शाळकरी मुलींचे वसतिगृह हा त्यांचा पुढचा विस्तार. मुलासाठी बोर्डिंग हवे असे समाजाला १९०० साली पटले. मुलगी आधी निराधार व्हावी लागे, मगच तिला शिकण्यासाठी छप्पर मिळे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर–उस्मानाबाद परिसरात भूकंप झाला. किल्लारी व आसपासची गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली. मदतीसाठी धावलेल्या अनेक संस्थांत १९८५ मध्ये स्थापन झालेली भारतीय जैन संघटना होती. धान्य, कपडे, औषधे सर्वांनीच दिली. संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला : या मुलांच्या शाळेचे काय? सुमारे बाराशे मुले पुण्यास नेण्यात आली. त्यांचा निवास, भोजन व शिक्षण यांची जबाबदारी संघटनेने स्वीकारली आणि पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शैक्षणिक संकुल उभे राहिले. ही मुले जैन होती काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मेळघाट व ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुले आणि नंतर आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुले याच संकुलात शिकावयास आली. १९०८ साली कोल्हापुरात एका विद्यार्थ्यास जैन बोर्डिंग सोडावे लागले होते. पंचाऐंशी वर्षांनी मराठवाड्यातील सर्व जातींची मुले जैन समाजाच्या भोजनगृहात एका पंगतीस बसली.

आजच्या छत्रपती संभाजीनगरात गरजेचे रूप पुन्हा बदलले आहे. गावोगावी माध्यमिक शाळा झाल्या, त्यामुळे पाचवी–सहावीच्या मुलाला घर सोडावे लागत नाही. दहावीनंतर मात्र लागते. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांसाठी सोळा–सतरा वर्षांची मुले शहरात येतात आणि शिकवणीची फी भरल्यावर खोलीच्या भाड्याचे काय, हा हिशेब वडिलांपुढे उरतो. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला आणि शासकीय शिष्यवृत्तीचा मार्ग खुला झाला. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि मुदतीत भरलेला अर्ज लागतो. खेड्यातील विधवा आईला हा अर्ज कोणी भरून द्यावा, हे कोठल्याही शासननिर्णयात लिहिलेले नसते. पुस्तकपेढी, अभ्यासिका, शिष्यवृत्तीचे मार्गदर्शन आणि परगावच्या विद्यार्थ्यांसाठी सात्त्विक भोजनाची सोय, ही कामे त्यामुळे स्थानिक ट्रस्टांकडे आली आहेत. त्यांतील भोजनाचे काम सर्वांत जुने. सूर्यास्तापूर्वी डबा मिळेल काय, असे शहरात नव्याने आलेल्या मुलाचे आईवडील आजही पहिल्यांदा विचारतात.