टॅबवरचा सिनेमा वायरशिवाय टीव्हीवर: नेट कधी लागतं आणि कधी लागत नाही?

भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गावर, नसरापूरजवळ कामथडी हे गाव आहे. समजा, तिथल्या एका घरात शनिवारी रात्री जेवणं आटोपलीत. पुण्यात कॉलेजला जाणाऱ्या नातीने तिथल्या वायफायवर टॅबमध्ये एक सिनेमा डाऊनलोड करून आणलाय. दहा इंचाच्या टॅबवर आजीला धड दिसत नाही, म्हणून नातीने ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं आणि सिनेमा भिंतीवरच्या टीव्हीवर सुरू झाला. वायर नाही, जोडाजोडी नाही. घरचे खूश. पण पाऊण तासाने चित्र थांबलं, मधोमध गोल चक्र फिरायला लागलं आणि वडिलांच्या मोबाईलवर मेसेज आला: आजचा डेटा संपला.

सिनेमा तर आधीच टॅबमध्ये होता. मग डेटा गेला कुठे?

'वायरलेस' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एकीत टॅब सिनेमा टीव्हीला पाठवतो. दुसरीत टॅब फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून सिनेमा आणतो. घरात अमर्याद ब्रॉडबँड असेल तर हा फरक कळतही नाही. पण घरचं सगळं इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल, तर सिनेमा शेवटपर्यंत बघता येणार की नाही, हे याच फरकावर ठरतं.

आधी हवेतून येणारं चित्र वेगळं होतं

या भागात हवेतून चित्र येणं नवं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे ते पुणे परिसरात दिसू लागलं. गडावरचा तो मनोरा आजही लांबून दिसतो. त्या पद्धतीत मनोरा एकच लहर सोडायचा आणि ज्याच्या घरावर अँटेना, त्याला चित्र मिळायचं. दहा घरांनी पाहिलं काय किंवा दहा हजार घरांनी, कुणाचाही 'डेटा' खर्च होत नव्हता.

इंटरनेटवरचा सिनेमा तसा येत नाही. प्रत्येक घरासाठी त्याची वेगळी प्रत सर्व्हरवरून निघते आणि तिचा हिशेब त्या घराच्या पॅकमधून होतो. म्हणून टॅबवरून टीव्हीवर सिनेमा लावण्याआधी ही प्रत नेमकं कोण मागवतंय, हे माहीत असायला हवं.

कास्टिंग म्हणजे काय?

यूट्यूब, झी५ अशा ॲपमध्ये कोपऱ्यात एक छोटा चौकोन आणि त्यात वायफायसारख्या रेषा दिसतात. हे कास्टचं चिन्ह. गूगलने २०१३ मध्ये क्रोमकास्ट नावाचं छोटं उपकरण आणलं, तेव्हापासून ही पद्धत घरोघरी पोहोचली. २०२४ मध्ये गूगलने क्रोमकास्टचं उत्पादन थांबवलं, पण तेच तंत्र आता अँड्रॉइड आणि गूगल टीव्ही असलेल्या टीव्हीतच बसवलेलं असतं.

कास्टिंगमध्ये टॅब टीव्हीला फक्त एवढंच सांगतो की अमुक सिनेमा, अमुक मिनिटापासून लाव. पुढचं काम टीव्हीचं. तो वायफायवरून थेट सर्व्हरकडे जातो आणि सिनेमा मागवतो. टॅब आता नुसता रिमोट असतो. त्याची स्क्रीन बंद करा, त्यावर अभ्यास करा, फोटो बघा, सिनेमा चालूच राहतो. बॅटरीही फारशी जात नाही. चित्रही सहसा चांगलं दिसतं.

तोटा कामथडीच्या घरातला. टॅबमध्ये डाऊनलोड केलेली प्रत इथे उपयोगाची नाही. काही ॲप अशा वेळी कास्ट करूच देत नाहीत, काही गुपचूप तोच सिनेमा पुन्हा इंटरनेटवरून टीव्हीवर मागवतात. शिवाय टॅबच्या ॲपमध्ये 'डेटा सेव्हर' लावलेला असला तरी टीव्हीला तो लागू होत नाही. टीव्ही मोठा आहे, वेग मिळतोय, म्हणून तो जास्त दर्जाचं चित्र मागवतो आणि पॅक दुप्पट-तिप्पट वेगाने संपतो.

मिररिंग म्हणजे काय?

मिररिंग म्हणजे आरसा. टॅबच्या स्क्रीनवर जे दिसतं, तेच जसंच्या तसं टीव्हीवर. यात टॅब आपलं चित्र आणि आवाज क्षणोक्षणी वायफाय लहरींवरून टीव्हीकडे पाठवत असतो.

अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये यासाठी मिराकास्ट हे मानक वापरतात. वायफाय अलायन्स या संस्थेने ते २०१२ मध्ये आणलं. मिराकास्टचं वैशिष्ट्य असं की टॅब आणि टीव्ही एकमेकांशी थेट जोडले जातात. मध्ये राउटर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिल्यामुळे गोंधळ होतो. सॅमसंगच्या टॅबमध्ये ते 'स्मार्ट व्ह्यू', एलजीच्या टीव्हीत 'स्क्रीन शेअर', तर इतर ठिकाणी 'वायरलेस डिस्प्ले' किंवा 'स्क्रीन मिररिंग' म्हणून सापडतं. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल उपकरणांत मात्र मिराकास्ट मिळत नाही.

ॲपलच्या आयपॅडलाही मिराकास्ट चालत नाही. तिथे एअरप्ले लागतं. २०१९ पासून सॅमसंग, एलजी आणि सोनीच्या अनेक टीव्हींमध्ये एअरप्लेची सोय आहे.

मिररिंगचे तोटेही आहेत. टॅबची स्क्रीन सिनेमा संपेपर्यंत चालू ठेवावी लागते, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. मध्येच व्हॉट्सॲपचा मेसेज आला तर तोही सगळ्या घराला टीव्हीवर दिसतो. आणि ओटीटीचा सिनेमा असेल तर अनेकदा आवाज येतो, पण टीव्हीवर काळा पडदा दिसतो.

हा काळा पडदा कशामुळे?

तो टॅबचा बिघाड नसतो. ओटीटीवरचे सिनेमे कुलूपबंद स्वरूपात येतात. चित्र वाटेत कुणी रेकॉर्ड करू नये म्हणून टॅब, जोडणी आणि टीव्ही या तिन्ही टप्प्यांवर संरक्षण तपासलं जातं. एका टप्प्यावरही ते कमी पडलं की ॲप चित्र दाखवणं बंद करतं. काही ॲप तर मिररिंगला सरसकट नकार देतात. डाऊनलोड केलेला ओटीटीचा सिनेमा पेन ड्राइव्हवर घेता येत नाही, त्याचंही कारण हेच. ती फाइल त्या ॲपशिवाय उघडत नाही.

प्लॅनचीही अट असते. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतात फक्त मोबाईल आणि टॅबसाठी १९९ रुपयांचा प्लॅन आणला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ रुपयांवर आणला. त्या प्लॅनवर टीव्हीवर सिनेमा बघता येत नाही. त्यामुळे टीव्हीवर चित्र येत नसेल तर सेटिंग बदलत बसण्याआधी आपला प्लॅन कोणता, हे बघणं शहाणपणाचं.

एका सिनेमाला डेटा किती जातो?

नेटफ्लिक्सने दिलेले आकडे अंदाजासाठी उपयोगी आहेत. साध्या दर्जाला तासाला साधारण १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो.

हा हिशेब एका सिनेमाला लावून बघू. नागराज मंजुळे यांचा २०१६चा 'सैराट' जवळपास तीन तासांचा आहे. तेवढ्या लांबीच्या सिनेमाला साध्या दर्जात सुमारे ३ जीबी आणि एचडीत ९ जीबीपर्यंत डेटा लागेल. मोबाईलच्या पॅकमध्ये रोज दीड किंवा दोन जीबी मिळत असतील, तर एचडीत दीड जीबी अर्ध्या तासात संपतो. दोन जीबीला पाऊण तासही लागत नाही. त्यानंतर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर मेसेज जातो, सिनेमा चालत नाही.

वेगाचाही प्रश्न असतो. एचडी सिनेमाला साधारण ३ ते ५ एमबीपीएस वेग सलग मिळावा लागतो. महामार्गालगत तो मिळणं सोपं. भोर-वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यांत डोंगर मध्ये आला की मोबाईलची लहर अडते आणि वेग खालीवर होतो. अशा घरांत सिनेमा आधी चांगल्या नेटवर्कमध्ये उतरवून ठेवणं आणि नंतर इंटरनेटशिवाय बघणं, हाच भरवशाचा मार्ग आहे.

घरात राउटर नाही, फक्त मोबाईल आहे. मग काय करायचं?

कास्टिंगसाठी टॅब आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागतात. हॉटस्पॉटवर हे जमतं, पण टॅबमध्येच सिम असेल आणि त्याचाच हॉटस्पॉट टीव्हीला दिला, तर अनेकदा टॅबला टीव्ही सापडत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून टॅब आणि टीव्ही दोन्ही त्याला जोडावेत. मात्र कास्ट करण्याआधी ओटीटी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीसाठी चित्राचा दर्जा कमी करून ठेवावा. नेटफ्लिक्समध्ये ही सोय प्रोफाइलच्या 'प्लेबॅक' सेटिंगमध्ये असते. यूट्यूबवर सिनेमा सुरू झाल्यावर टीव्हीवरूनच दर्जा निवडता येतो.

स्वतःची फाइल असेल, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ, गॅदरिंगचं नाटक, मोबाईलवर टिपलेली जत्रा, तर इंटरनेट लागतच नाही. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला, मिराकास्टने मिररिंग. अशा फाइलला कुलूप नसतं, त्यामुळे काळा पडदा येत नाही.

दुसरा, डीएलएनए. हे २००३ पासूनचं जुनं मानक आहे आणि ते सांभाळणारी संस्था २०१७ मध्ये बंद झाली तरी बऱ्याच टीव्हींत ते अजून आहे. टॅबवर डीएलएनए सर्व्हरचं ॲप टाकलं की टॅबमधल्या फाइलींची यादी टीव्हीवर दिसते आणि रिमोटने निवडता येते. टीव्हीवर व्हीएलसी असेल तर त्यातूनही ही यादी उघडते. टॅब आणि टीव्ही एका वायफायवर हवेत, पण त्या वायफायला इंटरनेट नसलं तरी चालतं.

तिसरा मार्ग वायरलेस नाही, पण सगळ्यात खात्रीचा आहे. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावायची. पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

टीव्ही स्मार्ट नसेल तर?

टीव्हीला एचडीएमआयची खाच असली तरी पुरे. तिथे फायर टीव्ही स्टिकसारखं उपकरण किंवा अँड्रॉइड टीव्हीचा बॉक्स लावता येतो. विकत घेण्याआधी त्यात मिररिंगची सोय आहे का, हे विचारून घ्यावं, कारण सगळ्यांत ती नसते. टॅबच्या चार्जिंगच्या खाचेतून एचडीएमआय केबल लावायचा विचार असेल, तर टॅब त्या खाचेतून चित्र बाहेर देतो का, हे आधी बघावं. स्वस्त टॅबमध्ये ही सोय बहुधा नसते आणि केबलचे पैसे वाया जातात.

चित्र अडखळत असेल तर काय तपासायचं?

इंटरनेट ठीक आहे पण चित्र तुटतंय, असं असेल तर दोष घरातल्या लहरींमध्ये शोधावा. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गीगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिच्यावर गर्दी असते. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच असतात. ५ गीगाहर्ट्‌झची लहर वेगवान असते, पण जाड भिंत तिला अडवते. जुन्या दगडी किंवा मातीच्या घरात राउटर माजघरात आणि टीव्ही बाहेरच्या खोलीत असेल तर चित्र अडखळणारच. राउटर किंवा हॉटस्पॉटचा मोबाईल टीव्हीच्या खोलीत आणावा. मिररिंग करताना टॅब टीव्हीपासून काही फुटांवर ठेवावा आणि चार्जिंगला लावावा. टीव्ही सापडतच नसेल तर टॅब आणि टीव्ही एकाच नावाच्या वायफायवर आहेत का, हे बघावं. बहुतेक वेळा अडचण तिथेच निघते.

मंडळाच्या पडद्यावर लावला तर चालेल?

घरात जमलं की पुढचा विचार येतो: गणपतीत किंवा जत्रेत देवळासमोर पडदा लावून सगळ्या गावाला दाखवू. इथे थांबायला हवं. ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. सार्वजनिक ठिकाणी सिनेमा दाखवायचा तर कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट लावलं नसलं तरीही. टेलिग्रामवरून किंवा पेन ड्राइव्हवर फिरणारी नव्या सिनेमाची प्रत तर घरीही बेकायदाच. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सिनेमाची चोरून प्रत करणाऱ्याला किंवा ती पसरवणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो.

तर त्या शनिवारी काय करायला हवं होतं?

नातीने आधी मिररिंग करून बघायला हवं होतं. ॲपने परवानगी दिली असती तर टॅबमधली डाऊनलोड केलेली प्रतच टीव्हीवर दिसली असती आणि वडिलांच्या पॅकमधला डेटा खर्च झाला नसता. काळा पडदा आला असता, तर मग कास्ट करायचं, पण आधी दर्जा साध्यावर आणून. दोन जीबीत दोन तास निघाले असते. बहुतेक पॅकमध्ये रात्री बारानंतर नवा डेटा मिळतो, त्यामुळे उरलेला भाग त्यानंतर किंवा रविवारी सकाळी बघता आला असता.

लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. सिनेमा चालू असताना टॅबची स्क्रीन बंद करून बघा. टीव्हीवर सिनेमा चालूच राहिला, तर तो टीव्ही स्वतः आणतोय आणि तुमचा डेटा जातोय. सिनेमाही थांबला, तर तो टॅबमधून येतोय.