एक ग्रंथकार, नावे अनेक

ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन, कर्ता इंग्रज जेझुइट. एवढे आपण सारे जाणतो. मी मात्र सूच्यांमधून या कर्त्याचा माग काढत असतो. कुठे तो थॉमस स्टीफन्स, कुठे स्टीव्हन्स, कुठे पोर्तुगीज वळणाचा इस्तेव्हांव, लॅटिनमध्ये स्टेफानस आणि जुन्या चरित्रकोशांत चक्क बस्टन! १६४०च्या ‘आर्ते दा लिंग्वा कानारीं’ या कोकणी व्याकरणावर इस्तेव्हांव छापले आहे. नुसते ‘स्टीफन्स’ शोधणाऱ्याच्या हाती ते लागेलच असे नाही. मग पुराणकार आणि वैयाकरण ही दोन माणसे होऊन बसतात.

यावरचा इलाज म्हणजे सामायिक प्रमाण नामसूची. माणसाला एक क्रमांक द्यायचा आणि सगळी रूपे त्याखाली नोंदवायची. कुठल्याही नावाने शोधा, माणूस तोच. १४५० ते साधारण १८५० या काळातल्या छापील ग्रंथांसाठी युरोपातल्या ग्रंथालयांचा ‘सर्ल थिसॉरस’ हे काम करतो. त्यात लेखकांबरोबर मुद्रक आणि गावेही येतात, हे मला विशेष मोलाचे वाटते. कारण राशोल म्हणजेच रायतूर, हे यंत्राला कोण सांगणार? देवनागरी रूपे आपणच पुरवायला हवीत. दुसरे कोणी ते करणार नाही.

त्या व्याकरणाच्या मुखपृष्ठावर दियोगु रिबैरोने भर घातल्याचे आणि आणखी चार पाद्र्यांनी ते तपासल्याचे छापले आहे. रिबैरोची नोंद करता येते. त्या चौघांची नावे तिथे दिलेली नाहीत.