तलवारीमागची गोणी : रसदीने ठरविलेल्या चार मोहिमा

लढायांचा इतिहास वाचताना आपले लक्ष साहजिकच सेनापतीकडे जाते. कोणी कोणत्या फळीवर चाल केली, कोण धारातीर्थी पडला, निशाण कोणाचे राहिले, एवढे आपण आवडीने वाचतो. परंतु त्या सेनापतीच्या घोड्याने आदल्या रात्री काय खाल्ले, शिपायाच्या हाती भाकरी कोठून आली आणि छावणीला पाणी कोणत्या ओढ्याचे होते, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वस्तुतः दख्खनच्या पठारावरील कित्येक लढायांचा निकाल तलवार म्यानाबाहेर पडण्यापूर्वीच या प्रश्नांनी लावून टाकलेला असे. पाथर्डीच्या आसमंतात घडलेल्या चार मोहिमा डोळ्यांपुढे आणल्या, म्हणजे हे विधान अतिशयोक्तीचे नाही, हे वाचकांस पटेल.

प्रथम आपला मुलूख पाहावा. दक्षिणेस गर्भगिरी व बालाघाटाचे डोंगर, पश्चिमेस नगरकडे जाणारा करंजीचा घाट, उत्तरेस शेवगावपलीकडे गोदावरी. पाऊस बेताचा, पीक मुख्यतः ज्वारी-बाजरीचे. हिवाळा सरला की ओढे आटतात आणि चारा दुर्मीळ होतो. अशा प्रदेशात मोठे सैन्य एका जागी फार दिवस राहू शकत नाही. त्याने एक तर सतत चालत राहिले पाहिजे, नाही तर दूरवरून धान्य आणविले पाहिजे.

हे धान्य आणीत कोण? गाडीवाटा थोड्या असलेल्या त्या काळात हे काम बैलांच्या पाठीवर चाले, आणि ते करणारे म्हणजे वंजारी-लमाणांचे तांडे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धान्य धरले, तर दहा हजार बैलांवर दहा लाख किलो होते. माणशी अर्धा किलो या हिशेबाने ५० हजार माणसांना ते ४० दिवस पुरेल. मात्र त्याच सैन्यात २५ हजार घोडी असून प्रत्येकीस रोज चार किलो दाणा द्यावयाचा असेल, तर तेवढेच धान्य अवघ्या दहा दिवसांत संपते. सैन्याचे खरे ओझे माणूस नसून घोडा आहे, हे या साध्या गणितावरून ध्यानात येते. तांड्याचे बैल मात्र वाटेत चरत चालत. त्यांच्यासाठी निराळी वैरण वाहावी लागत नसे. मुक्कामी गोण्यांची थप्पी रचून त्यांचाच कोट उभारीत. शिस्त नाईकाची आणि वाटांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे.

आता पहिली मोहीम. इ. स. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही या दोन्ही सत्तांच्या फौजा निजामशाहीवर एकत्र चालून आल्या. वृद्ध मलिक अंबरने नगरजवळ भातोडी येथे त्यांना गाठले. संख्याबळात तो कमी होता. परंतु त्याने तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल माजविला आणि धान्याच्या वाटा रोखून धरल्या. उपाशी शिपाई शत्रुपक्ष सोडून अंबराकडे येऊ लागले. मग झालेल्या लढाईत निजामशाहीचा जय झाला. शहाजीराजे या युद्धात नावाजले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. त्यांच्या शौर्याला तोड नाही. पण त्या शौर्याची भूमी आधी पाण्याने आणि भुकेने तयार केली होती.

दुसरी मोहीम पालखेडची. १७२७ चा पावसाळा सरत असता बाजीराव पेशवे निजामाच्या जालना-सिंदखेड भागात शिरले. तेथून पूर्वेस माहूरकडे, मग वळून खानदेशात, तापी ओलांडून गुजरातेत, अशी त्यांची दौड चालली. पाठलागात थकलेल्या निजामाने अखेर पुण्यावर चाल करून ते घेतले आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना छत्रपती म्हणून पुढे केले. एखादा सामान्य सेनानी घर वाचविण्यास धावला असता. बाजीराव धावले ते औरंगाबादच्या रोखाने. राजधानीवर संकट येताच निजामाला पुणे सोडावे लागले. घाईत जड तोफा मागे रेंगाळल्या. वैजापूरच्या पूर्वेस पालखेडजवळ पाण्याची टंचाई असलेल्या जागी मराठ्यांनी त्याला २५ फेब्रुवारी १७२८ रोजी कोंडले. मल्हारराव होळकरांनी रसद तोडली. मोठा रणसंग्राम न होताच निजाम तहास आला आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. हे मुंगी म्हणजे आपल्या शेजारच्या शेवगाव तालुक्यातील गोदाकाठचे गाव. शाहू महाराजांचा दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क तेथे मान्य झाला. विसाव्या शतकातील इंग्रज सेनापती माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासाच्या ग्रंथात या मोहिमेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. येथे जय मिळाला तो ओझे कमी ठेवणाऱ्याला.

तिसरी मोहीम जामखेड तालुक्यातील खर्ड्याची. ११ मार्च १७९५ रोजी तेथे मराठे आणि निजाम अली यांची गाठ पडली. दिवसाच्या झुंजीत निकाल लागला नव्हता. परंतु रात्री निजामाच्या फौजेत गोंधळ उडाला आणि त्याने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. मराठ्यांनी किल्ल्याभोवती फास आवळताच पाणी तुटले. थोड्याच दिवसांत निजामाने मानहानीच्या अटी मान्य केल्या. मार्च महिन्यातील आपला उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला याचे कारण निराळे सांगावयास नको.

चौथी मोहीम आपल्या अभिमानाला थोडी बोचणारी आहे, आणि म्हणूनच ती सांगणे अवश्य आहे. १७९१ मध्ये टिपूवर चालून गेलेल्या कॉर्नवॉलिसचे बैल मरून पडले. श्रीरंगपट्टणसमोर आपल्याच जड तोफा फोडून त्याला माघार घ्यावी लागली. त्या उपाशी सैन्याला वाचविले ते परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या भरल्या बाजाराने. इंग्रजांनी तो धडा गिरविला. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्टला नगरची पेठ व १२ ऑगस्टला किल्ला घेतला आणि तो आपल्या रसदीचे कोठार केला. मग तो गोदावरी ओलांडून गेला आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेला भिडला. ते वर्ष नगर प्रांताला दुष्काळाचे होते. तरीही त्याचे सैन्य हलते राहिले, कारण त्याने तांडे हाताशी धरले होते, धान्याचा रोख मोल दिला होता आणि लुटालुटीला कडक शिक्षा ठेवली होती.

तेव्हा तांड्यांनी इंग्रजांनाही धान्य पुरविले, हे लपविण्याचे कारण नाही. तांडा व्यापारी होता. जो मोल देई आणि बैल ओढून नेत नसे, त्याच्याकडे त्याची वाट वळे. दोष द्यावयाचा तर ज्या सत्तांनी आपल्याच रयतेला आणि वाहतूकदाराला नागविले, त्यांना द्यावा. शिवछत्रपतींनी हे केव्हाच ओळखले होते. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यांनी दाणा-वैरण जपून वापरण्यास बजाविले आहे. ती संपली तर शिपाई कुणब्याच्या घरात शिरतील आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील, असा इशारा दिला आहे. रसद हा केवळ लष्कराचा विषय नसून राज्याच्या नीतीचाही आहे, हे त्या पत्राचे मर्म होय.

पुढे पक्के रस्ते झाले, १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला आणि बैलांच्या पाठीवरील व्यापार मावळला. गोणी गेली, नांगर हाती आला. तहनाम्यांवर निजामाची आणि पेशव्यांची नावे आहेत. ज्यांच्या धान्यावर फौजा जगल्या, त्या नाईकांची नाहीत. ती आता कागदांत फारशी सापडणार नाहीत. जे काही उरले असेल, ते आपल्या घरांत आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणात. म्हणून समाजातील तरुणांना विनंती आहे की, आपल्या गावालगतचे जुने तळ, बारवा, पाणवठे आणि घाटवाटा यांची माहिती वृद्धांकडून लिहून घ्यावी, जुनी गोणी किंवा बैलाच्या गळ्यातील घंटा घरात असल्यास ती मोडीत घालू नये, आणि ही टिपणे पुढील स्मरणिकेसाठी अवश्य पाठवावीत.