घरचा खेळाडू जातो तेव्हा : इंग्लिश फुटबॉलमधील एका जुन्या वादाचा इतिहास

क्लबच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला खेळाडू दुसऱ्या क्लबकडे गेला की इंग्लंडमधील चाहत्यांत वाद पेटतो. तो खेळाडू मधल्या फळीतला असेल तर वाद जास्तच लांबतो. आघाडीच्या खेळाडूचे मोल गोलांत मोजता येते, बचावपटूची चूक सर्वांना दिसते. मधल्या फळीतला खेळाडू मात्र सबंध संघाच्या खेळाची लय सांभाळत असतो, त्यामुळे त्याच्या मोलाबद्दल दोघांचे एकमत होणे अवघड. त्यातच तो आपल्याच वस्तीत वाढलेला असला, तर हिशेबात मायाही मिसळते. या वादातला मूळ प्रश्न सव्वाशे वर्षे तोच आहे : जाण्याला जबाबदार कोण? उत्तर मात्र खेळाच्या नियमांबरोबर बदलत आले. आधी दोष संचालकांवर गेला, नंतर खेळाडूवर आला आणि आज तो क्लबच्या ताळेबंदापाशी येऊन थांबला आहे.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली आणि १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून १८९३ पासून खेळाडूला क्लबशी बांधून ठेवणारी पद्धत आली. खेळाडूचा करार सहसा एका हंगामाचा असे. हंगाम संपला की क्लब दोन याद्या काढी : कायम ठेवायच्या खेळाडूंची आणि विकायच्या खेळाडूंची. पहिल्या यादीत नाव असलेल्याचा करार संपला, पगार थांबला, तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राही आणि लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून त्याला खेळता येत नसे. १९०१ मध्ये पगारालाही आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. खेळाडूला जाण्याचा हक्क नाही आणि गेला तरी जास्त पगार नाही, अशा व्यवस्थेत त्याला गद्दार ठरवण्याला फारसा अर्थ नव्हता. १९०५ मध्ये सुंदरलंडने अल्फ कॉमनला मिडल्सब्रोकडे १,००० पौंडांना विकले, तेव्हा एका माणसासाठी एवढी रक्कम मोजावी का, यावर देशभर चर्चा झाली. विकणारे आणि विकत घेणारे दोन्ही संचालकच असल्याने टीकाही त्यांच्याच वाट्याला आली.

ही चौकट १९६१ मध्ये मोडू लागली. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी झाली आणि तोवर आठवड्याला २० पौंडांपर्यंत पोहोचलेली पगाराची कमाल मर्यादा रद्द झाली. फुलहॅमने लगेच आपल्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड देऊ केले. हेन्स पोरवयात फुलहॅममध्ये आला होता, इंग्लंडचा कर्णधार झाला आणि १९७० पर्यंत तिथेच खेळला. हक्काचा पगार मिळाला तर घरचा खेळाडू घरी राहू शकतो, हे त्याच्या उदाहरणाने दाखवून दिले. दोन वर्षांनी दुसरा बांध फुटला. न्यूकॅसलने अडवून धरलेला जॉर्ज ईस्टहॅम १९६० मध्ये आर्सेनलकडे गेला होता, पण त्याने मूळ पद्धतीविरुद्धचा खटला सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या धंद्यावरचे अवाजवी बंधन होय, असा निकाल दिला.

त्यानंतरच्या काळात वेस्ट हॅम या पूर्व लंडनच्या क्लबमध्ये दोन वाटा शेजारी-शेजारी दिसतात. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा मार्टिन पीटर्स याच क्लबात घडला. मार्च १९७० मध्ये तो टॉटनहॅमकडे गेला. टॉटनहॅमच्या जिमी ग्रीव्ह्जला बदल्यात धरून त्याची किंमत २ लाख पौंड लावली गेली. त्याच मधल्या फळीत वाढलेला ट्रेव्हर ब्रूकिंग मात्र १९७८ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरल्यावरही राहिला. १९८० च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्रूकिंगनेच डोक्याने गोल केला आणि दुसऱ्या श्रेणीतल्या वेस्ट हॅमने आर्सेनलला १-० ने हरवले. जाणारा आणि राहणारा यांची तुलना करण्याची चाहत्यांची सवय अशा जोड्यांतून पक्की होत गेली.

त्या दिवशी हरलेल्या आर्सेनलच्या मधल्या फळीत लिअम ब्रेडी होता. डब्लिनचा हा मुलगा १५ व्या वर्षी आर्सेनलमध्ये आला आणि डाव्या पायाच्या कौशल्यावर संघाचा कणा बनला. १९७९ मध्ये व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. त्याच वर्षीच्या एफए कप अंतिम सामन्यात त्याचे मोल उघड दिसले. शेवटची चार-पाच मिनिटे उरली असताना आर्सेनल २-० ने पुढे होते. मँचेस्टर युनायटेडने दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली. खेळ पुन्हा सुरू होताच मोजे घोट्यापर्यंत उतरलेला, दमलेला ब्रेडी चेंडू घेऊन मध्यरेषेपलीकडे धावला आणि त्याने डावीकडे ग्रॅहम रिक्सला पास दिला. रिक्सने चेंडू गोलच्या दूरच्या खांबाकडे उचलला आणि ॲलन सुंदरलंडने तो जाळ्यात ढकलला. आर्सेनल ३-२ ने जिंकले.

वर्षभराने हाच ब्रेडी इटलीतील युव्हेंटसकडे गेला. त्यामागे दोन बदल होते. १९७८ पासून इंग्लंडमध्ये करार संपलेल्या खेळाडूला जाण्याचा हक्क मिळाला होता. क्लबांचे किमतीवर जमले नाही तर लवाद ती ठरवी. १९८० मध्ये इटलीच्या लीगने परदेशी खेळाडूंसाठी दार पुन्हा उघडले, क्लबमागे एक. एप्रिल १९८० मध्ये आर्सेनलने कप विनर्स कपच्या उपांत्य फेरीत युव्हेंटसला तुरिनमध्ये हरवले होते, म्हणजे खरेदीदाराने माल जवळून पाहिला होता. आर्सेनलला पाच लाख पौंडांच्या आसपास रक्कम मिळाली. असा खेळाडू एवढ्या स्वस्तात आणि भर उमेदीत कसा जाऊ दिला, हा प्रश्न चाहते अनेक वर्षे विचारत राहिले. पुढच्या वर्षी आर्सेनलचा फ्रँक स्टेपलटनही मँचेस्टर युनायटेडला गेला. १९७९ नंतरचा पहिला मोठा चषक आर्सेनलला १९८७ मध्येच मिळाला, तर ब्रेडीने युव्हेंटसबरोबर लागोपाठ दोनदा लीग जिंकली. नाते मात्र तुटले नाही. १९९६ मध्ये तो आर्सेनलच्या युवा विभागाचा प्रमुख म्हणून परतला आणि पुढची पिढी घडवण्याचे काम त्याने दीर्घकाळ केले.

१५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनच्या बाजूने निकाल दिला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे एक पैसाही हस्तांतरण शुल्क न देता जाऊ शकतो, हे त्यातून ठरले. आता पारडे खेळाडूकडे झुकले आणि चाहत्यांचा रागही त्याच्याकडे वळला. लिव्हरपूलच्या अकादमीतला स्टीव्ह मॅकमॅनमन १९९९ मध्ये करार संपवून रेआल माद्रिदला गेला. क्लबला त्याचे काहीच मिळाले नाही, आणि हीच गोष्ट अनेकांना त्याच्या जाण्यापेक्षा जास्त लागली. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाविरुद्ध त्याने गोल केला आणि माद्रिदने चषक उचलला.

वेस्ट हॅममध्ये याच सुमारास जुन्या तऱ्हेचा वाद नव्याने उसळला. फ्रँक लॅम्पार्ड संघात आला तेव्हा वडील सहप्रशिक्षक आणि मावशीचे पती हॅरी रेडनॅप प्रशिक्षक होते. चाहत्यांच्या एका सभेत वशिल्याचा आरोप झाला तेव्हा रेडनॅप यांनी हा मुलगा थेट शिखरावर जाणार असे ठामपणे सांगितले. २००१ मध्ये वडील आणि रेडनॅप दोघांनीही क्लब सोडला आणि लॅम्पार्डला १ कोटी १० लाख पौंडांना चेल्सीला विकले गेले. परत आल्यावर वेस्ट हॅमच्या मैदानात त्याची हुर्यो उडवली जाई. चेल्सीसाठी मात्र तो २११ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. २००३ मध्ये वेस्ट हॅम खालच्या श्रेणीत गेला, जो कोल चेल्सीला आणि वर्षभराने मायकेल कॅरिक टॉटनहॅमला गेला. एका अकादमीची मधली फळी तीन वर्षांत रिकामी झाली.

स्टीव्हन जेरार्डची गोष्ट न गेलेल्या खेळाडूची आहे. नवव्या वर्षी लिव्हरपूलच्या अकादमीत आलेल्या या कर्णधाराने मे २००५ मध्ये इस्तंबूलला एसी मिलानविरुद्ध ०-३ वरून संघाला सावरले आणि युरोपचा चषक मिळवून दिला. सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच नव्या कराराची बोलणी फिसकटली आणि त्याने क्लब सोडण्याची विनंती केली. चेल्सीने ३ कोटी २० लाख पौंड देऊ केले होते. संतापलेल्या काही चाहत्यांनी त्याच्या नावाचा शर्ट जाळला. दुसऱ्याच दिवशी त्याने निर्णय फिरवला आणि २०१५ पर्यंत तो लिव्हरपूलमध्येच राहिला. देवासारखा मानलेला माणूस एका संध्याकाळीत पाखंडी ठरू शकतो, हे त्या जुलैत दिसले.

स्थानिक खेळाडू कमी होत चालल्याने युरोपीय फुटबॉल महासंघाने २००६-०७ पासून आणि प्रीमियर लीगने २०१०-११ पासून घरी घडलेल्या खेळाडूंसाठी नियम केले. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत असे किमान ८ खेळाडू नसतील तर तेवढ्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. एकविशी पूर्ण होण्याआधी तीन हंगाम इंग्लंड किंवा वेल्समधील क्लबात नोंदलेला खेळाडू यात बसतो, मग तो कोणत्याही देशाचा असो. १६ व्या वर्षी फ्रान्समधून मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत आलेला पॉल पोग्बा २०१२ मध्ये करार संपवून युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये युनायटेडनेच सुमारे ८ कोटी ९० लाख पौंड, म्हणजे तेव्हाची विक्रमी रक्कम, मोजून त्याला परत आणले. २०२२ मध्ये तो पुन्हा मोफत निघून गेला.

आजचा वाद समजून घ्यायला हिशेबाची एक खुबी पाहावी लागते. समजा, ५ कोटी पौंडांना घेतलेल्या खेळाडूचा करार पाच वर्षांचा आहे. क्लबच्या वहीत दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी तो ४ कोटींना विकला, तर वहीत त्याचे ३ कोटी शिल्लक असल्याने नफा दिसतो १ कोटीच. अकादमीतल्या खेळाडूची खरेदी झालेलीच नसते, वहीत त्याची किंमत शून्य असते. तो ४ कोटींना विकला की सगळे ४ कोटी त्याच वर्षीचा नफा म्हणून दाखवता येतात. प्रीमियर लीगने तीन वर्षांच्या तोट्याला १० कोटी ५० लाख पौंडांची मर्यादा घातली, आणि २०२३-२४ मध्ये हा तोट्याचा नियम मोडल्याबद्दल एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण कापले गेले. तेव्हापासून हा फरक क्लबांना चांगलाच जाणवू लागला.

सहाव्या वर्षी चेल्सीत आलेला मेसन माउंट २०२३ मध्ये साडेपाच कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला गेला. २०२१ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यातील एकमेव गोलाचा पास त्याचाच होता. २०२३-२४ मध्ये चेल्सीसाठी ५० सामने खेळलेला आणि अनेकदा कर्णधारपद सांभाळलेला कॉनर गॅलगर पुढच्या उन्हाळ्यात ॲटलेटिको माद्रिदला गेला; त्याच सुमारास चेल्सीने ॲटलेटिकोकडूनच जोआंव फेलिक्सला विकत घेतले. लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडमध्ये असलेला स्कॉट मॅकटॉमिनेही २०२४ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांना नापोलीला गेला. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये १२ गोल केले, नापोलीने विजेतेपद मिळवले आणि तो इटलीच्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अशा प्रत्येक वेळी चाहत्यांचे तीन पक्ष पडतात. एक म्हणतो, खेळाडू संघाच्या पातळीचा नव्हता, आलेली किंमत चांगली आहे. दुसरा म्हणतो, त्याने जास्त पगार मागितला, जाऊ द्या. तिसरा म्हणतो, क्लबाने स्वतःचेच बियाणे विकले. पहिल्या पक्षाला ब्रेडी, लॅम्पार्ड आणि मॅकटॉमिने यांनी दिलेले उत्तर बोलके आहे. दुसऱ्या पक्षाच्या रागातही न्याय कमी आहे. खेळाडूला जाण्याचा हक्क ईस्टहॅम आणि बोसमन यांच्या न्यायालयीन लढ्यांतून मिळाला आहे, आणि जे गेले त्यांतले कित्येक जण क्लबने नीट करार दिला नाही किंवा विकायचेच ठरवले म्हणून गेले. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर जास्त टिकते. अकादमीवर झालेला खर्च तोट्याच्या मर्यादेत न धरण्याची सवलत खेळाडू घडवण्याला उत्तेजन देते, पण घडलेला खेळाडू विकण्यातच सर्वात मोठा नफा दाखवणारी हिशेबाची रीत त्या उत्तेजनाचे फळ बाजारात नेते. १८९३ चा नियम खेळाडूला क्लबशी जखडत होता, तर आजचा नियम त्याला क्लबाबाहेर ढकलतो. दोन्हींत त्याची आणि चाहत्यांची इच्छा मोजली जात नाही. म्हणून घरच्या खेळाडूवर राग काढण्याआधी ज्या नियमाने तो गेला त्या नियमाकडे चाहत्यांनी बोट दाखवणे अधिक योग्य ठरते.