विंचवाचा दंश व शरीरांतील निरोप

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखांत लाल विंचू कोणास नवखा नाहीं. पेंढ्यांत, भिंतीच्या भेगांत तो दडून असे, आणि त्याच्या दंशानें कित्येक रुग्ण दगावत. १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. रुग्णाच्या उशाशीं बसून त्यांनीं लक्षणें टिपलीं : दरदरून घाम, ओकाऱ्या, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि अखेर फुप्फुसांत साचणारें पाणी.

याचा उलगडा शरीराच्याच व्यवहारांत आहे. पेशी एकमेकींना दोन वाटांनीं निरोप धाडतात. मज्जातंतूचा निरोप क्षणार्धांत नेमक्या जागीं पोंचतो. ग्रंथींचा स्राव रक्ताबरोबर सर्वत्र हिंडतो. मज्जातंतूही शेवटीं रसायनाच्याच भाषेंत बोलतो, हें ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं बेडकाच्या हृदयावर दाखविलें होतें. विंचवाचें विष मज्जातंतूंतील सोडियमचीं दारें नीट मिटूं देत नाहीं. मग तंतूंचीं टोकें नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा सोडतात. निरोप खोटा नसतो. तो थांबत मात्र नाहीं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतें. विषाला स्वतः मारावें लागतच नाहीं, असें म्हटलें तरी चालेल.

बावस्करांनीं रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध योजिलें. पेशीवरील ज्या अल्फा-ग्राहीवर हा निरोप उतरतो, तिलाच तें अडवितें. १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें हा अनुभव प्रसिद्ध झाला. शेकडा सुमारें ४० असलेलें मृत्यूचें प्रमाण शेकडा १ च्या आसपास आलें. पुढें त्यांनीं व पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनीं महाड येथेंच केलेली तुलना २०११ सालीं प्रसिद्ध झाली. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असें तींत आढळलें. एक उपाय निरोप अडवितो, दुसरा विषालाच निष्प्रभ करतो.