वैमानिकाचें वेतन कोणत्या मापानें?

कापणीच्या मजुराला रोजावर पैसे द्यावे कीं पेंढ्यांवर, हा वाद जुना आहे. अमेरिकेंत तोच वाद विमानांच्या धंद्यांत उभा राहिला.

१९३३ सालीं तेथील मोठ्या कंपन्या मैलांवर वेतन देण्याची रीत सोडून तासांवर देऊं लागल्या. कारण उघड होतें. ताशीं शंभर मैलांच्या जागीं दीडशें मैल जाणारें विमान आलें, कीं वैमानिक त्याच पगारांत दीडपट अंतर तोडणार आणि वाढावा सगळा कंपनीचा! डेव्हिड बेन्की यांच्या नेतृत्वाखालील वैमानिक संघानें संपाचा इशारा दिला. अखेर मे १९३४ मध्यें राष्ट्रीय मजूर मंडळानें आपल्या ८३ व्या निर्णयानें तोडगा काढला : मूळ पगार, वेगाबरोबर चढणारा ताशी दर, मैलांचा कांहीं हिस्सा, आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा. १९३८ च्या कायद्यानेंहि तो निर्णय राखला.

पुढें विमानांचा आकारहि वाढला. एकवीस उतारूंच्या डी. सी. ३ मागून चार एंजिनांचीं अवजड विमानें आलीं. त्यांच्या वेतनावरून ऑक्टोबर १९४६ मध्यें टी. डब्ल्यू. ए. च्या वैमानिकांनीं संप केला. १९४७ पासून विमानाचें वजनहि वेतनाच्या हिशेबांत धरलें जाऊं लागलें.

वेग यंत्राचा आणि भांडवल आमचें, हें कंपन्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु अधिक जिवांचा भार ज्याच्या हातीं, त्याचा वांटा कोठें? नव्या यंत्राच्या फळाची वांटणी आधीं ठरविली नाहीं, तर घड्याळ ती परस्पर करून टाकतें.