ऐकणाऱ्याचे लेखन : केशवराव भोळे

भास्करबुवा बखले 1922 साली वारले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. अल्लादियाखाँ 1946 पर्यंत होते, तरी त्यांचाही आवाज आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. ज्यांच्या मुद्रिका निघाल्या त्यांच्याही गाण्याचे तीन-साडेतीन मिनिटांचे तुकडेच आपल्या वाट्याला आले. रात्रभर रंगणारी मैफल तबकडीच्या एका बाजूत कशी मावणार? मग ते गाणे कसे होते, हे आपण विचारावयाचे कोणाला? जो ते ऐकून घरी आला आणि लिहावयास बसला, त्याला. अशा ऐकणाऱ्यांत केशवराव भोळे यांचे नाव आम्ही पहिल्या रांगेत घेतो.

केशवरावांचा जन्म 1896 चा. अमरावतीहून मुंबईस आले ते डॉक्टर होण्यासाठी. झाले मात्र गाण्याचे. ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गायकांवर लेख लिहिले, आणि लोक लेखकाचे खरे नाव कळण्याआधी त्याची लेखणी ओळखू लागले. नाव मोठे सूचक आहे. एकलव्य दुरून शिकला. श्रोत्याची जागाही अशीच, व्यासपीठापासून दूर, सतरंजीच्या कडेला. पण कान उघडे असतील तर तेथून पुष्कळ काही घेता येते.

त्या काळी गाण्याविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येई, ते बहुधा निव्वळ वृत्त असे. अमुक बुवांचे गायन झाले, श्रोते तल्लीन झाले, शेवटी हारतुरे होऊन आभार मानण्यात आले. बुवांच्या नावामागे बिरुदे चार, पण ते गायले काय आणि कसे, याचा पत्ता नाही! दुसरीकडे शास्त्राचे काम जोराने चालले होते. पंडित भातखंड्यांनी शेकडो चिजा स्वरलिपीत बांधून ठेवल्या, ते ऋण फार मोठे. तरीही स्वरलिपीत चीज राहते, गवई राहत नाही. षड्ज कोणता हे लिपी सांगते; तो षड्ज एका गळ्यातून भरीव का येतो आणि दुसऱ्यातून चिरका का, ते ती सांगू शकत नाही.

नेमक्या या जागी केशवरावांनी लेखणी टेकली. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘आवाजाची दुनिया’ (1948). आवाज, त्याचा लगाव, गळ्याची तयारी, शब्दांचा उच्चार या गोष्टींकडे पाहावयास त्यांनी मराठी वाचकाला शिकविले. घराणे कोणते हा प्रश्न आपल्याकडे लवकर विचारला जातो, अनेकदा गाणे सुरू होण्यापूर्वीच. केशवरावांचा वाचक आधी ऐकावयास बसतो. वामनराव देशपांड्यांनी पुढे 1961 मध्ये ‘घरंदाज गायकी’त घराण्यांची रीतसर मांडणी केली. ती समजून घेण्याजोगा वाचक मराठीत तयार होता, याचे बरेचसे श्रेय आमच्या मते साप्ताहिकांतल्या या लेखांकडे जाते.

टीकाकार स्वतः काही करीत नाही, असा एक जुना टोमणा आहे. तो केशवरावांना लागू पडत नाही. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याचे संगीत केशवरावांचे होते आणि गाणाऱ्या त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई. जुन्या नाटकांत पदांवर पदे आणि ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ चालत. इथे गाणी मोजकी आणि लहान. पुढे ते ‘प्रभात’मध्ये गेले. 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये शांताराम आठवले यांनी नवा लिहिलेला एक अभंग आहे. तो लोकांनी इतका आपला मानला की पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला. शब्दांचे श्रेय आठवल्यांचे, पण चालीने जरा जरी नाटकी वळण घेतले असते तर ही फसगत झाली नसती! आणि 1937 चा ‘कुंकू’ पाहा. त्यात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे येतील तेवढेच ऐकू येतात. कल्पना व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाची, हे खरे. पण असे चित्र पत्करणारा संगीतकार वाद्ये केव्हा थांबवावी हे जाणणाराच असला पाहिजे.

दुसऱ्यांचे गाणे तपासणाऱ्या या माणसाने आपल्या कामाचा हिशेबही वाचकांपुढे ठेवला. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हे ते पुस्तक. आपल्या चालींविषयी लिहिताना लेखणी हातची सुटणे फार सोपे असते. म्हणून हे पुस्तक आम्हांला त्यांच्या गायकांवरील लेखांच्या शेजारी ठेवावेसे वाटते.

केशवराव 1977 मध्ये गेले. ‘संगीताचे मानकरी’सारख्या पुस्तकांमुळे त्यांच्या लेखांतला बराच भाग टिकला. सगळ्यांचे भाग्य असे नसते. साप्ताहिकाचा अंक आठवड्याने जुना होतो, महिन्याने रद्दीत जातो आणि वाण्याच्या पुडीतून परत घरी येतो. वसंतातल्या व्याख्यानांचेही तेच. छापली नाहीत तर टाळ्यांबरोबर विरली. आपल्या गावच्या ग्रंथालयात जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे माळ्यावर बांधून पडलेले असतील, तर ते विकण्यापूर्वी कोणी सोडून पाहावेत. ज्याची एकही तबकडी निघाली नाही असा एखादा गवई त्यात अजून गात असेल.